नाम, गादी आणि विक्री : व्यक्तिनामावर चालणाऱ्या ऑनलाइन व्यवसायाच्या हस्तांतराचा भाषिक विचार

१. विषय आणि त्याची मर्यादा

दुकान, गिरणी किंवा छापखाना विकावयाचा झाल्यास काय विकावयाचे याविषयी सहसा संभ्रम नसतो. जागा, यंत्रे, माल, येणी-देणी आणि ज्याला व्यापारी 'नावलौकिक' म्हणतात ती गिऱ्हाइकांची सवय, एवढ्यांची मोजदाद केली म्हणजे व्यवहाराचा पाया तयार होतो. परंतु जो व्यवसाय एका व्यक्तीच्या नावावर, चेहऱ्यावर आणि आवाजावर इंटरनेटच्या माध्यमातून उभा राहिलेला आहे, तो विकावयाचा म्हणजे नेमके काय विकावयाचे, हा प्रश्न इतका सोपा नाही. या प्रश्नाचा हिशेबी आणि कायदेविषयक भाग त्या त्या शास्त्रांचे जाणकार सांगतीलच. त्या भागाचा येथे आवश्यक तेवढाच परामर्श घेतला आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या प्रश्नाचे मूळ भाषिक आहे. विशेषनामाचा निर्देश कोणाकडे जातो आणि 'मी' या सर्वनामामागे कोण उभे आहे, हे ठरल्यावाचून अशा व्यवसायाची विक्रीपूर्व सिद्धता होऊ शकत नाही.

विवेचन मूर्त व्हावे म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, वाशीम जिल्ह्यातील रिसोड येथे राहणाऱ्या एका अध्यापिकेने स्पर्धा-परीक्षांच्या उमेदवारांसाठी मराठी व्याकरण शिकविणारी यूट्यूब-वाहिनी आठ वर्षे चालविली आहे. वाहिनीला तिचे आडनाव व पुढे 'मॅडम' एवढेच नाव आहे. वाहिनीखेरीज सशुल्क वर्ग, दोन पुस्तिका आणि विद्यार्थ्यांच्या पत्त्यांची यादी आहे. आता प्रकृतीच्या कारणाने तिला हे काम सोडावयाचे आहे. शेती आणि नोकरी यांखेरीज भांडवलाची साधने जेथे थोडी, अशा जिल्ह्यात हे नाव हीच तिची आयुष्याची कमाई आहे. ते विकता आले नाही तर आठ वर्षांच्या श्रमाचे मोल शून्य होईल. गैर रीतीने विकले तर तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्या मुलांची फसवणूक होईल. म्हणून हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हे.

२. नाम व्यक्तीपासून सुटते कसे?

विशेषनाम हे एका व्यक्तीला किंवा वस्तूला चिकटलेले असते आणि गुणांचे वर्णन न करता केवळ निर्देश करते, असे आपण व्याकरणात शिकवितो. पण भाषेच्या इतिहासात विशेषनामे आपल्या मूळ निर्देशापासून सुटून अन्यत्र स्थिर झाल्याची उदाहरणे विपुल आहेत. त्यांपैकी दोन वाशीम जिल्ह्यातलीच आहेत, आणि ती आपल्या विषयाला फार जवळची आहेत.

पहिले उदाहरण खुद्द वाशीमचे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी होती. इसवी सनाच्या ९०० च्या सुमारास राजशेखराने 'कर्पूरमंजरी' या प्राकृत सट्टकात काव्याच्या रीतींचा उल्लेख करताना 'वच्छोमी' हे नाव घेतले आहे. संस्कृत साहित्यशास्त्र जिला वैदर्भी रीती म्हणते, तिचेच हे वत्सगुल्मावरून पडलेले नाव होय. येथे स्थलनाम हे शैलीचे नाव झाले. एकदा असे झाले म्हणजे त्या शैलीत लिहिणारा वत्सगुल्माचा रहिवासी असलाच पाहिजे असे राहत नाही. ज्याला ती रीती साधते, तो ते नाव चालवितो.

दुसरे उदाहरण कारंजा येथील. कारंजा हे जैन परंपरेतील भट्टारकांचे एक प्रमुख पीठ होते. विद्याधर जोहरापूरकर यांनी 'भट्टारक संप्रदाय' या १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बलात्कार गणाच्या कारंजा शाखेची जी परंपरा दिली आहे, तीत धर्मचंद्र, देवेंद्रकीर्ती यांसारखी नावे पुनःपुन्हा आलेली दिसतात. ही नावे मातापित्यांनी ठेवलेली नव्हेत. ती दीक्षेबरोबर धारण केलेली आहेत. काही पीठांवर तर एकच नाव गादीचे कायमचे नाव झाले. श्रवणबेळगोळ येथील चारुकीर्ती आणि कोल्हापूर येथील लक्ष्मीसेन ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे होत. धर्मपीठ आणि व्यापार यांची तुलना करण्याचा येथे हेतू नाही. केवळ नामाच्या व्यापाराची रीत पाहावयाची आहे. या परंपरेत नाम व्यक्तीचा निर्देश न करता स्थानाचा निर्देश करू लागते. त्यामुळे व्यक्ती गेली तरी नाम रिकामे पडत नाही. आणि शिष्यवर्गाची फसवणूकही होत नाही, कारण हे नाव गादीचे आहे हे सर्वांना आधीपासून ठाऊक असते.

यावरून नामाचे तीन प्रकार करता येतात : व्यक्तीला चिकटलेले व्यक्तिनाम, स्थानाला चिकटलेले पदनाम आणि पद्धतीला चिकटलेले रीतिनाम. पहिले हस्तांतर होण्यास अत्यंत अवघड; दुसरे व तिसरे तुलनेने सुलभ. विक्रीची सिद्धता म्हणजे पहिल्या प्रकारच्या नामाचे दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारात, उघडपणे आणि पुरेशा काळात, रूपांतर करणे होय.

३. मराठी व्यवसायांतील पूर्वानुभव

नियतकालिके आणि नाटक मंडळ्या या दोन क्षेत्रांत मराठी समाजाने हा अनुभव पूर्वीच घेतलेला आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ साली सुरू झाली आणि चौऱ्यांशी अंकांनंतर थांबली. ती जवळजवळ एकहाती लिहिलेली होती. तिच्यात जे मोलाचे होते ते शास्त्रीबुवांच्या लेखणीखेरीज दुसऱ्या कोठून येणार नव्हते. ज्या 'केसरी'च्या स्थापनेत ते १८८१ साली सहभागी होते, त्याची गोष्ट निराळी. १८८२ साली चिपळूणकर निवर्तले. पुढे आगरकरांनी संपादकत्व सोडले आणि १८८८ साली 'सुधारक' काढला. १८९१ साली टिळकांनी कर्जाच्या भारासह पत्राची मालकी स्वीकारली. एवढी स्थित्यंतरे होऊनही पत्र चालू राहिले. मालकी आणि लेखणी यांचा एका व्यक्तीशी अभेद नव्हता, हे त्याचे एक कारण मानता येईल.

रंगभूमीवरही हेच दिसते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नावाची मंडळी १८८० साली 'शाकुंतल' घेऊन उभी राहिली. अण्णासाहेब १८८५ साली वारले, तरी मंडळी पुढे अनेक वर्षे चालली. कारण 'किर्लोस्कर' हे नाव तोवर संगीत नाटकाच्या एका रीतीचे नाव झाले होते आणि भाऊराव कोल्हटकरांसारखे नट ती रीत चालवीत होते. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीचे नाव मात्र बालगंधर्वांच्या कंठाशी आणि रूपाशी एकजीव होते. ते रंगमंचावर नसतील तर ती मंडळी गंधर्व कशी म्हणावी, असा प्रश्न प्रेक्षकाला पडणे स्वाभाविक होते. याउलट केशवराव भोसले यांनी १९०८ साली काढलेल्या मंडळीला 'ललितकलादर्श' असे व्यक्तिनिरपेक्ष नाव होते. १९२१ साली केशवराव ऐन उमेदीत वारले; तरीही बापूराव पेंढारकरांनी तेच नाव पुढे चालविले आणि त्यांच्यानंतर भालचंद्र पेंढारकरांनीही. केशवरावांची गायकी कमी प्रभावी नव्हती. परंतु नावाने उत्तराधिकाऱ्यासाठी जागा ठेवली होती.

४. साहित्याची छाननी : माहिती, पद्धती आणि साक्ष

आता आपल्या कल्पित अध्यापिकेकडे वळू. तिच्या वाहिनीवर व पुस्तिकांत जे काही आहे, त्याचे तीन वर्ग पाडावेत.

पहिला वर्ग माहितीचा. समासाचे प्रकार, प्रयोगांची लक्षणे, शुद्धलेखनाचे १९६२ साली शासनमान्य झालेले नियम यांचे विवेचन कोणाच्याही तोंडून आले तरी त्याचे मूल्य बदलत नाही. हा वर्ग निःशंकपणे हस्तांतरणीय आहे.

दुसरा वर्ग पद्धतीचा. प्रश्न कोणत्या क्रमाने सोडवावयाचे, चुका कशा वर्गीकृत करावयाच्या, उजळणी किती दिवसांनी घ्यावयाची, ही शिकविण्याची रीत होय. ती शिकविता येते. पण त्यासाठी आधी लिहून काढावी लागते. पुष्कळ शिक्षकांची पद्धती त्यांच्या हातात असते, कागदावर नसते. विक्रीपूर्वी ती कागदावर आणणे आणि दुसऱ्या शिक्षकाकडून काही महिने राबवून पाहणे, हीच तिच्या हस्तांतरणीयतेची खरी कसोटी होय. अध्यापिकेच्या शिकविण्यात वऱ्हाडी बोलीचा गोडवा असेल, तर तोही या वर्गात येतो. बोली कोणा एकाची मालमत्ता नसते. दुसरा वऱ्हाडी शिक्षक ती रीत स्वाभाविकपणे चालवू शकेल. वच्छोमीचा न्याय येथे लागू पडतो.

तिसरा वर्ग साक्षीचा. "मी स्वतः ही परीक्षा तीनदा दिली," "माझ्या वर्गातील मुले अशी चूक करतात," "हे पुस्तक मला उपयोगी पडले," ही विधाने बोलणाऱ्याच्या अनुभवावर उभी आहेत. वक्ता बदलला की विधान असत्य होते. साक्ष विकता येत नाही, हे न्यायालयाबाबत आपण सहज मान्य करतो. बाजारातही तेच खरे आहे. म्हणून साक्षीच्या स्वरूपाचे साहित्य एक तर मूळ व्यक्तीच्या नावाने, दिनांकासह, जुने म्हणून जतन करावे, नाही तर काढून टाकावे. नव्या मालकाने जुन्या साक्षीच्या बळावर नवी वस्तू खपविणे हे लबाडीचे कृत्य होय, मग करारात काहीही लिहिलेले असो.

एखाद्या व्यवसायाचे उत्पन्न या तीन वर्गांपैकी कोणत्या वर्गावर किती अवलंबून आहे, हे पाहिले म्हणजे तो कितपत विक्रीयोग्य आहे याचा अंदाज येतो. केवळ साक्षीवर चालणारा व्यवसाय विकण्यासाठी नव्हे, सन्मानाने बंद करण्यासाठीच सिद्ध करावा.

५. सर्वनामांचा प्रश्न

मराठीत या रूपांतराला एक सोय आणि एक अडचण आहे. अडचण अशी की, मराठी क्रियापद अनेक काळांत कर्त्याचे लिंग प्रकट करते. 'मी सांगते' या वाक्यातून बोलणारी स्त्री आहे हे कळते. तो मजकूर पुरुष शिक्षकाच्या हाती गेला की प्रत्येक वाक्य अडखळते. इंग्रजीतील लिखित मजकुरात ही गोष्ट लपून राहते, मराठीत राहत नाही.

सोय अशी की, प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे मराठीत आहेत. 'आम्ही' हे ऐकणाऱ्याला वगळते, 'आपण' त्याला सामावून घेते. "आज आपण कर्मणी प्रयोग पाहणार आहोत," या वाक्यात शिक्षक व विद्यार्थी दोघेही आले, शिवाय लिंगाचा निर्देशही टळला. हे 'आपण' शिक्षक बदलला तरी अबाधित राहते. तेव्हा विवेचनात 'आपण', संस्थेच्या निवेदनात 'आम्ही' आणि खऱ्याखुऱ्या साक्षीसाठीच 'मी', अशी वाटणी विक्रीच्या पुष्कळ आधीपासून पाळणे इष्ट होय.

परंतु सर्वनाम बदलले म्हणजे काम झाले, असे समजू नये. निबंधमालाकारही 'आम्ही' असेच लिहीत. तरी त्या 'आम्ही'च्या मागे एकच पुरुष उभा होता. 'आम्ही' म्हणावयाचे तर मागे खरोखर मंडळी असली पाहिजे. दुसरा शिक्षक नावानिशी पडद्यावर यावा, शंकांची उत्तरे त्याच्या सहीने जावीत, आणि विद्यार्थ्यांनी ती स्वीकारली आहेत हे दिसून यावे. 'अमुक मॅडम' हे नाव एकदम पुसण्याऐवजी काही काळ त्याच्या जोडीला संस्थेचे स्वतंत्र नाव चालवावे आणि पुढे व्यक्तिनाम 'संस्थापिका' या पदापुरते उरावे, हा क्रम विद्यार्थ्यांना सहज उमगतो. 'मॅडम', 'ताई', 'दादा' हे शब्द नात्याचे आहेत. नाते विकत घेता येत नाही, मात्र नव्या माणसाशी नवे नाते जुळू शकते, त्याला अवधी मात्र द्यावा लागतो.

६. कायदा आणि हिशेब

भारतीय कायद्याने हे भेद आपल्या परीने ओळखले आहेत. १९९९ च्या व्यापारचिन्ह अधिनियमानुसार नाव हे चिन्ह होऊ शकते आणि नोंदलेले चिन्ह नावलौकिकासह किंवा त्यावाचून दुसऱ्यास देता येते. म्हणून विक्रीपूर्वी नाव नोंदवून घेणे श्रेयस्कर. त्याच अधिनियमाचे ३५ वे कलम प्रामाणिकपणे स्वतःचे नाव वापरणाऱ्याला संरक्षण देते. पण त्या संरक्षणाला मर्यादा आहेत. पूर्वीच्या १९५८ च्या अधिनियमाखाली उद्भवलेल्या किर्लोस्कर नावाच्या वादात मुंबई उच्च न्यायालयाने १९९५ साली, कंपनीने धारण केलेल्या नावाला स्वतःच्या नावाचा हा बचाव उपलब्ध नाही, अशी भूमिका घेतली. आडनाव आपलेच आहे, तेव्हा विकल्यानंतरही ते मुक्तपणे वापरता येईल, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

स्पर्धाबंदीविषयी १८७२ च्या करार अधिनियमाचे २७ वे कलम महत्त्वाचे आहे. व्यवसाय करण्यास बंदी घालणारा करार सामान्यतः निरर्थक. पण नावलौकिक विकणाऱ्याने विशिष्ट स्थानिक मर्यादेत तसाच व्यवसाय न करण्याचे मान्य केल्यास, मर्यादा वाजवी असल्यास, तो करार टिकतो. इंटरनेटवर 'स्थानिक मर्यादा' म्हणजे काय, हे सांगणे अवघड आहे. मराठी व्याकरण शिकविणाऱ्याची बाजारपेठ जिल्ह्याने नव्हे तर भाषेने आखलेली असते. म्हणून प्रदेश, विषय, भाषा आणि मुदत या चारही गोष्टी वकिलाच्या साहाय्याने स्पष्ट शब्दांत लिहाव्यात.

१९५७ च्या प्रताधिकार अधिनियमान्वये लेखनाचे हक्क लेखी कराराने देता येतात. मुदत न लिहिल्यास ती पाच वर्षांची आणि प्रदेश न लिहिल्यास तो भारतापुरता धरला जातो. तथापि ५७ व्या कलमाने लेखकाचे विशेष हक्क, म्हणजे कर्तृत्व सांगण्याचा आणि विपर्यासाला हरकत घेण्याचा हक्क, विक्रीनंतरही त्याच्यापाशीच राहतात. आवाजाबाबत तर आता नवीनच प्रश्न उभा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेल्या आवाजाच्या अनुकरणाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली अरिजित सिंग यांना आणि २०२५ साली आशा भोसले यांना संरक्षण दिले. तेव्हा जुन्या ध्वनिमुद्रणांवरून नवा आवाज तयार करण्याची मुभा खरेदीदाराला आहे की नाही, हे करारात निःसंदिग्ध असावे. माझ्या मते ती देऊ नये; तो साक्षीचाच सौदा होतो.

माध्यमांचे स्वतःचे नियम वेगळेच असतात. इन्स्टाग्रामच्या अटींनुसार खाते विकता येत नाही. यूट्यूबवरील वाहिनी ब्रँड-खात्याशी जोडलेली असल्यास तिची मालकी दुसऱ्याच्या नावे करता येते. जाहिरातींच्या उत्पन्नाचे खाते मात्र हस्तांतर होत नाही, खरेदीदाराला स्वतःचे जोडावे लागते. विद्यार्थ्यांच्या पत्त्यांची यादी ही निव्वळ मालमत्ता नव्हे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाचे तत्त्व असे की, संमती विशिष्ट हेतूपुरती असते. यादीतील प्रत्येकास मालक बदलत असल्याचे कळविणे आणि नाव काढून घेण्याची संधी देणे हा सरळ मार्ग होय.

हिशेबाबद्दल एकच मुद्दा पुरे. घरखर्च आणि व्यवसाय एकाच बँक-खात्यातून चालविणाऱ्याला खरा नफा ठाऊक नसतो. समजा, अध्यापिकेचे वार्षिक उत्पन्न बारा लाख आणि खर्च तीन लाख आहे. नफा नऊ लाख असे ती म्हणेल. पण तिच्या जागी शिक्षक व संपादक नेमण्यास पाच लाख लागणार असतील, तर खरेदीदाराच्या दृष्टीने नफा चारच लाख आहे. उरलेले पाच लाख हे तिचे वेतन होते. वेगळे खाते आणि निदान दोन-तीन आर्थिक वर्षांचे, उत्पन्नाच्या प्रत्येक स्रोताचे पृथक् हिशेब तयार असल्यावाचून किमतीची बोलणी करणे व्यर्थ होय.

७. अलीकडील व्यवहारांचा बोध

व्यक्तिनामावरील व्यवसायांच्या विक्रीचे काही व्यवहार आता सर्वज्ञात आहेत. ब्रिटनमधील मार्टिन लुइस यांनी 'मनीसेव्हिंगएक्स्पर्ट' हे संकेतस्थळ २०१२ साली कमाल ८.७ कोटी पौंडांस विकले. नाव पदवाचक होते आणि विक्रीनंतरही ते काही वर्षे कामात राहिले. एरियाना हफिंग्टन यांच्या आडनावाचे 'हफिंग्टन पोस्ट' २०११ साली ३१.५ कोटी डॉलरांस विकले गेले. त्या २०१६ साली बाहेर पडल्या आणि पुढल्याच वर्षी पत्राचे नाव 'हफपोस्ट' झाले. आडनावाचा लोप होऊन नाममुद्रा कशी घडते, याचा हा भाषिक नमुनाच होय. सौंदर्यप्रसाधनांच्या क्षेत्रातील बॉबी ब्राउन यांनी स्वतःच्या नावाची कंपनी १९९५ साली विकताना पंचवीस वर्षांची स्पर्धाबंदी पत्करली. ती मुदत संपल्यावर २०२० साली त्यांनी नवा व्यवसाय काढला, पण तो वेगळ्याच नावाने. मुंबईत २००८ साली सुरू झालेली 'मिसमालिनी' २०२१ साली गुड ग्लॅम समूहाने घेतली आणि २०२५ साली त्या समूहाचीच मोडणी झाली. एकदा विकलेले नाव पुढे कोणाच्या हाती जाईल, हे विकणाऱ्याच्या हाती राहत नाही, एवढा बोध यातून घ्यावा.

८. समारोप

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा. स्वनामावरील व्यवसायाची विक्रीपूर्व सिद्धता ही शेवटच्या महिन्यात करावयाची सजावट नसून नामाचा निर्देश व्यक्तीकडून स्थानाकडे वळविण्याची दीर्घ प्रक्रिया आहे. माहिती द्यावी, पद्धती शिकवावी, साक्ष आपल्यापाशी ठेवावी. हा बदल विद्यार्थ्यांच्या समक्ष व्हावा. कारण नामाचा अर्थ मालक ठरवीत नाही, ते नाव उच्चारणारा समाज ठरवितो. रिसोडच्या आपल्या कल्पित अध्यापिकेने दोन-तीन वर्षे या मार्गाने काढली, तर तिला कदाचित कमी किंमत येईल, पण जे विकले जाईल ते खरे असेल आणि तिचे नाव तिच्यापाशी राहील. ऑनलाइन निवेदनात 'मी'चे 'आम्ही' केव्हा आणि कसे होते, याचा पद्धतशीर अभ्यास मराठीत व्हावयास हवा. वऱ्हाडातील वाहिन्यांवरील निवेदने ही त्यासाठी हाताशी असलेली सामग्री आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रबंधिकेसाठी हा विषय अवश्य विचारात घ्यावा.